कंदिलाचं चरित्र

तीर्थस्वरूप मावशीस, सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढून साष्टांग नमस्कार. (मान अजून पुरती वर येत नाही, तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना त्यांना शिव्या देतेस का अजून? देत असशील तर दोन माझ्याही वाटच्या दे.

दिवसभर करतेस तरी काय, असं तू विचारलं होतंस. सांगते. भर दुपारी पडदे ओढून खोलीत अंधार करते आणि छोट्या डबीत वाढवलेल्या जिवंत पेशींकडे बघत बसते. पेशीच्या पोटात हजारो प्रथिनं कामं करत हिंडतात, त्यातलं एक माझं. ते दिसावं म्हणून त्याला हिरवं चमकणारं दुसरं प्रथिन जोडलंय, हातात कंदील द्यावा तसं. पेशींना ऊब लागते, म्हणून यंत्राभोवती उबदार पेटी असते. पंख्याच्या घरघरीत तो हिरवा उजेड हळूहळू हलायला लागला की आपण पाण्याखाली बसलोय असं वाटतं. एका पेशीच्या दोन होतात, मध्ये उजेडाचा धागा राहतो, मग तोही तुटतो. मी चहासुद्धा विसरते. (मी चहा विसरणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.)

एकोणीस दिवस असं पाहून मी वहीत लिहिलं, की हे प्रथिन वैरागी आहे. पेशीभर पसरतं, कुठेच घर करत नाही, कशात म्हणून अडकत नाही. चांगली आठ पानं लिहिली आणि बाईंना दाखवली. (बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्या रागावत नाहीत, नुसती भुवई उचलतात.) त्यांनी एवढंच विचारलं, "डबीवर नाव कुठे लिहिलंस?"

मी म्हटलं, झाकणावर.

भुवई वर गेली. आमच्यात नाव डबीच्या अंगावर लिहितात, कारण झाकणं बदलतात. माझी पहिल्याच दिवशी बदलली होती, मिठाच्या बरणीला साखरेचं झाकण बसावं तशी, आणि त्या चुकीच्या डबीतून मी पुढच्या सगळ्या डब्या भरत गेले. ती डबी नुसती तुलनेसाठी ठेवलेली. तिच्यात माझं प्रथिन नव्हतंच, फक्त कंदील होता. एकोणीस दिवस मी कुणाच्याच हातात नसलेल्या कंदिलाचं चरित्र लिहीत होते!

मग खरी डबी पाहिली. मावशी, माझं प्रथिन कसलं वैरागी! पेशीच्या केंद्रकाला कडेकडेनं चिकटून बसतं, हलायचं नाव नाही. पक्कं घरकोंबडं. ते पाहून मला रडूच आलं, कारण तीन वर्षांनी बारा तारखेपासून माझी घरी यायची रजा मंजूर झालीय, आणि सगळं पहिल्यापासून करायचं तर यंत्र रिकामं आहे ते नेमकं त्याच तीन आठवड्यांत. बाईंनी निर्णय माझ्यावर सोडला. काल मी यंत्राच्या वहीत माझं नाव घातलं.

तुझी चक्रम भाची

ता. क. खरं पत्र इथून सुरू होतं. मी येत नाही, हे आईला तू सांग. माझी हिंमत होत नाही. जेवण झाल्यावर, जरा खुशीत असताना सांग. एकदम नको, आधी प्रथिनाचं सांग.

आणखी एक ता. क. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी राहिलीच. पट्टी निघेपर्यंत तुझी पत्रं आईच तुला वाचून दाखवणार, हे पाकीट चिकटवताना लक्षात आलं. आता नव्यानं लिहायचा धीर नाही. आई, अशी गप्प होऊ नकोस गं. वाच, मावशी ऐकतेय.