मीठ-मोहऱ्या

जयपूर,
८ डिसेंबर १९८६

ती. आक्कास मालनचा नमस्कार.

तुझं पत्र आणि मेतकूट पोचलं. इथे थंडी कडाक्याची आहे. यांची बदली यंदाही लांबली. रमा आता पावलं टाकते. हट्टी तुझ्यासारखीच. खाताना तोंड फिरवलं की मी तिला ‘चेटकीण कुठली’ म्हणते आणि ती खदखदून हसते.

इथे चेटकिणीला ‘डाकण’ म्हणतात, आणि ते कुणी हसत म्हणत नाही.

आमची भाजीवाली धापू तुला आठवेल, आमेरकडच्या खेड्यातली विधवा. तू आलीस तेव्हा तिने तुला ओंजळभर बोरं दिली होती. दिवाळीत तिच्या दिराचा मुलगा तापाने गेला. तेव्हापासून गाव तिला डाकण म्हणतं. पंचांनी एकदा तसं ठरवलं की घर जातं, शेत जातं, अंगावर डागही देतात म्हणे. शेत दिराला हवंय, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आणि पुरावा कुणाचा, तर माझा. रमाची मी रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढते, आईने शिकवलं तशी. शेजारच्या किशोरीभाभीचं माहेर धापूच्याच गावचं. एकदा धापू रमाला खेळवून गेली आणि लगेच मी मोहऱ्या ओवाळल्या, एवढंच भाभीने पाहिलं. गावात सांगून आली की शिकलेल्या बायकासुद्धा धापूला घाबरतात.

परवा धापू आली. म्हणाली, “बाईसा, थे चालो. पंचां नै कह द्यो, यो थांको रोज को रिवाज छै.” मी येते, ही आमची रोजची रीत आहे असं पंचांना सांगते म्हटलं. हे रागावले, परमुलखात नसत्या भानगडीत पडू नकोस म्हणाले. तरी मी जाणारच होते.

काल रमाला ताप भरला. डॉक्टरांचं औषध चालू केलं. भर दुपारी धापू विचारपूस करायला आली आणि दारातूनच रमाकडे बघत उभी राहिली. मी उठले आणि मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या. तिन्हीसांज नव्हती, आक्का. मला भीती वाटली म्हणून घेतल्या. धापूने माझ्या मुठीकडे पाहिलं, ओढणी पुढे ओढली आणि पाटी उचलून निघून गेली.

संध्याकाळी ताप उतरला. औषधानेच उतरला असेल. किशोरीभाभीने मात्र हेही पाहिलं, आणि धापूची नजर मोहऱ्यांनीच उतरली म्हणून ती गल्लीभर सांगत सुटली आहे, आणि तिला गप्प बस म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

उद्या पंच बसणार. तुला हे पत्र मिळेल तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मी जाईन, आमची रोजची पद्धत आहे म्हणून सांगेन. पण काल भरदुपारी का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?

मगाशी रमाने घास ढकलला. नेहमीचा शब्द ओठांवर आला आणि मी तो गिळला.

तुझी भ्यालेली,
मालन