राखणीची बाटली

आबा, आज पोलादपूरचा बाजार, आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळ झाली की मला अजूनही घरात बसवत नाही. उगाच अंगणात येते, वाटेकडे बघते, आत जाते, पुन्हा येते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता वाट कोणाची बघायची? पण पायांना कोण सांगणार!

आई गेली त्यानंतरची ती सकाळ आठवते. तुम्ही चुलीपुढे बसला आहात, सकाळीच तोंडाला दारूचा वास येतोय, चहा धोतरावर सांडतोय. मी तोंड सोडायच्या तयारीत होते, तर तुम्हीच खाली बघून म्हणालात, "एकट्याच्यानं सुटत नाय गो. कोणाची तरी संगत पायजे." मी शाळेतली मास्तरीण, जगाला शिकवणारी. मला वाटलं, संगत काय, शोधली की सापडते.

पहिल्यांदा तुम्हाला महाडला नशाबंदीच्या सभेला नेलं. वक्त्यांनी विचारलं, "इथे पिणारे कोण आहेत? हात वर करा." सरकारची दारूबंदी, दाराशी जमादार उभा, आणि अख्ख्या सभेत हात वर एकच, तुमचा! टाळ्या झाल्या. बाहेर पडताना जमादाराने हळूच विचारलं, "मिळते कुठे हो?" तुम्ही म्हणालात, "घेतली की ठिकाण आठवत नाय, सायेब." परतीच्या एस.टी.त तुम्ही हसत होतात आणि मी रागाने खिडकीबाहेर बघत होते. मग वरंधच्या वाटेवरची भजनी मंडळी. गळे गोड, टाळ खणखणीत, पण आरती झाली की निम्मे टाळकरी देवळामागे. तिथून तुम्ही नेहमीपेक्षा जास्त घेऊन आलात. आगीतून फुफाट्यात पडलो आपण. मी मनातून फार घाबरले होते. आईमागोमाग तुम्हीही जाल असं वाटायचं.

पोलादपूरच्या बैठकीचं एस.टी.च्या कंडक्टरने सांगितलं. बाजाराच्या संध्याकाळी, पाय हमखास हातभट्टीकडे वळतात त्याच वेळी, चार-पाच जण एका सुताराच्या पडवीत गुळाचा कोरा चहा घेऊन बसायचे. त्यांच्यातला थोरला ट्रक ड्रायव्हर. कशेडी घाटात पिऊन गाडी दरीच्या तोंडाशी नेली, तेव्हापासून त्याने सोडलेली. भाषण नाही, शपथ नाही. ज्याचं जे झालं ते त्याने सांगायचं. तुम्हाला तिथे आत पाठवून मी बाहेर पायरीवर बसते, उठते, कान लावते, पुन्हा बसते. आतून तुमचं हसू ऐकू आलं आणि मला रडू आवरेना.

जरा सावरताय म्हणेपर्यंत राखण आली. भात घरात आलं की शेताच्या राखणदार देवाला कोंबडा आणि बाटली द्यायची. थोडी त्याच्या दगडावर ओतायची, उरलेली घरच्या कर्त्याने प्रसाद म्हणून घ्यायची. मी म्हटलं, यंदा राखण नकोच. तुम्ही भडकलात. "त्याचा मान कसा मोडू? वरीसभर शेत कोणी राखलं, तुझ्या शाळंनं?" प्रसाद नाकारायचा तर राखणदार कोपणार, घ्यायचा तर सगळं पाण्यात. आठवडाभर मी घरात भांडी आपटत हिंडत होते.

तुम्ही ते बैठकीत मांडलंत. ड्रायव्हरकाका म्हणाले, "त्याची बाटली त्यालाच देऊ. उरली तर परसाद, व्हय ना? मग उरूच द्यायची नाय."

राखणीला ते सगळे तुमच्याबरोबर शेतावर गेले. बायकांनी तिकडे जायचं नसतं, म्हणून मी घर आणि अंगण करत राहिले. कंदील लावायच्या वेळेला तुम्ही आलात, वाकून वहाणा काढल्यात, रिकामी बाटली पायरीवर ठेवलीत आणि तोंड माझ्यापुढे आणून म्हणालात, "हुंग." मी मान फिरवली. म्हटलं, "नको आबा, माझा विश्वास आहे." तुमचे डोळे भरून आले. पुढे शेवटपर्यंत, पडवीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही ते सांगत राहिलात, "माझ्या पोरीनं हुंगलंसुदीक नाय."

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही वहाणा काढायला वाकलात ना आबा, तेव्हाच मी हुंगून घेतलं होतं.