रांजण रिकामा केलाय

तारामतीच्या बापाला,

चिठ्ठी चिलमीखाली ठेवलीय. उठल्याबरोबर तुमचा हात तिथंच जातो.

लातूर जिल्हा झाला, तरी गावाला टँकरचंच पाणी. तुम्हाला रांगंत धाडलं, तर गांजाच्या तारंत हसत रिकाम्या घागरी घेऊन आलात. काल कळलं, लेकरांच्या वाट्याचं पाणी तुम्ही गोठ्यामागच्या गांजाला घालत होता. म्हणून आज रांजणातलं सगळं पाणी मीच त्याला घातलं.

चिलीम ओढली की तुम्हाला भूक लागते, म्हणून भाकरी अन् खारट ठेचा ठेवलाय. घसा वाळंल, काळीज धडधडंल. तवा झाडं पिळून प्या.

लेकरं घेऊन औशाला माहेरी चालले. टँकर कोणत्या वारी येतो, ते लई डाव सांगितलंय. आता आठवतंय का बघा.

तारामतीची माय