कोपऱ्यातल्या चौकटीचं माप

ठमे,

तू गाढ झोपलीयस म्हणून उठवलं नाही. आईला घेऊन टॅब आणायला चाललोय. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

काल बातम्यांच्या वेळी दुकानात फोन आणि टॅब शेजारी शेजारी लावून पाहिले. फोनवर बातम्यांच्या कोपऱ्यातल्या चौकटीत खुणा करताना तू शर्टाच्या बटणाएवढी दिसतेस. आईला ऐकू येत नाही आणि तुझी बोटं इतकी बारीक, की खुणाही कळत नाहीत. टॅबवर मात्र झबल्याच्या खिशाएवढी झालीस!

दुकानदार म्हणे दहा इंची. मी टेप लावला, तर साडेआठच भरला. भांडलो. तर म्हणतो, स्क्रीन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मोजतात. मी शिंपी माणूस, अशी मापं घेत बसलो असतो, तर गिऱ्हाइकांची पोटं उघडी पडली असती!

हल्ली आईची सुईसुद्धा मीच ओवतो. तिच्यापुढे नजरेचा विषय काढू नकोस.

"त्या चौकटीकडे बघतं कोण?" असं तू म्हणतेस ना? काल आईनं टॅबवर तुला पाहिलं आणि भर दुकानात मला हातांनी सांगितलं, "त्या बातम्या देणाऱ्या बाईला म्हणावं, जरा सरक. माझी लेक कोपऱ्यात अवघडलीय."

बाबा