मक्तेदारीविरुद्ध एक फळा

१ मार्च, सकाळी ६.१०
शहरातले तिन्ही पेपर एकाच समूहाचे. एकाच शेठचे. तिन्ही घेतले तरी बातमी तीच, फक्त घडी वेगळी. आजपासून घरात पेपर बंद, चळवळ सुरू. स्वतंत्र माध्यम उभं करायचं. जावक विभागात एकतीस वर्षं पत्रांचे मसुदे केलेत, लेखणीला सवय आहे. हिला सांगितलं. ही म्हणाली, पेपर खुशाल बंद करा, पण कपाटात अंथरायला काय घेणार ते आधी ठरवा. क्रांतीला पहिला विरोध घरातूनच होतो म्हणतात, ते खरं आहे.

३ मार्च
वाचनालयाच्या दाराबाहेरचा फळा मिळाला. मी नव्या पुस्तकांची यादी लिहिणार असा ग्रंथपालांचा समज झाला होता. तो मी मोडला नाही. नाव ठेवलं 'परखड'. मालक: जनता. संपादक, लेखक, लेखनिक: मी. अग्रलेख: 'मक्तेदारी: एक चिंतन (भाग १)'. फळा पुरला नाही. शेवटच्या दहा ओळी मुंगीच्या अक्षरात.

४ मार्च
समोर शिंप्याच्या दुकानात बसून वाचक मोजले. सात. पैकी दोघे सावलीसाठी थांबले असावेत. शिंप्याकडे समूहाचा पेपर येतो. चाळला. शत्रूचा अभ्यास हवाच. शब्दकोडंही सोडवलं.

९ मार्च
भाग ४. हिने फळ्याचा एक कोपरा मागितला. ही शाळेत शिकवायची, फळा दिसला की हिचे हात शिवशिवतात. तत्त्वाचा प्रश्न होता, तरी खालचा वीतभर कोपरा दिला. त्यात पाणी कधी येणार, कोणाची किल्ली सापडली, दवाखाना चालू की बंद, असलं किरकोळ लिहिते. गर्दी एकदम वाढली. चौथ्या भागात विषयाने पकड घेतली हे उघड आहे. मात्र लोक फार वाकून वाचतात. कंबरेचे आजार वाढलेत.

१२ मार्च
ही म्हणते मोठी बातमी आहे. वाचनालयाची इमारत समूहानेच विकत घेतली. तिथे त्यांचं कागदाचं गोदाम होणार. वॉर्ड ऑफिसात हरकती २० तारखेपर्यंत, सुनावणी २७ ला. तिन्ही पेपरांत एक ओळ नाही. ग्रंथपाल रडकुंडीला आलेत. ही रोज दुपारी तिथे चार बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. आता त्या कुठे बसणार, म्हणून हिचंही तोंड उतरलंय. उद्याचा सगळा फळा या बातमीला द्या म्हणाली. मी शांतपणे समजावलं की भाग ६ मध्ये मालकी आणि सत्य यांचा संबंध येतोय, मालिका अशी मध्येच तोडता येत नाही. बातम्या काय, रोजच्याच.

१३ मार्च
हिने बातमी आपल्या कोपऱ्यात बसवली. नऊ ओळी. खाली: हरकतीचे अर्ज शिंप्याकडे मिळतील.

१९ मार्च
तीनशे बारा अर्ज! माझ्या मालिकेचा एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. शिंप्याला म्हटलं, बघ, लेखणीची ताकद. तो म्हणाला, हो ना, वहिनींचं अक्षर रस्त्यापलीकडूनही वाचता येतं. माणूस चांगला आहे, पण मुद्दा सोडून बोलतो.

२१ मार्च
सभा. विषय: फळ्याची व्यवस्था. सत्कार असेल म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला. ग्रंथपाल म्हणाले, फळा एकाच माणसाच्या हातात असणं बरं नव्हे. मी सर्वांत आधी टाळी वाजवली. मग लक्षात आलं, तो माणूस मी. पाच जणांचं संपादक मंडळ झालं. संपादिका: ही. मला मार्गदर्शक केलं. मार्गदर्शकाला खडू मिळत नाही.

२३ मार्च
भाग ११ हिच्या हाती दिला. जेवताना ताटाशेजारी परत आला. सुनावणीपर्यंत फळ्यावर फक्त वाचनालय, मग बारा ओळींत बसवून द्या, असं हिचं म्हणणं. बारा ओळी! एकतीस वर्षांत माझ्या मसुद्यातली एक मात्रा कोणी हलवली नाही. साहेब तर न वाचताच सही करायचे, इतका विश्वास.

२४ मार्च
दिवसभर विचार केला. फळा, अर्ज, मंडळ, सगळं एकाच घरात एकवटलंय. घर माझं असलं म्हणून काय झालं? मक्तेदारी कोणाचीही असो, मोडलीच पाहिजे. पण आवाज उठवायचा कुठे? शेवटी समूहाच्याच तिन्ही पेपरांना पत्र टाकलं. 'फळ्यावरील एकाधिकारशाही'. एकच व्यक्ती रहिवाशांच्या नावाने सगळं ठरवते, असं स्पष्ट लिहिलं. नाव, पत्ता, सही. छापणार नाहीत. छापलं तर शत्रूच्या गोटात शिरलो.

२६ मार्च, सकाळी ५.५०
छापलं. तिन्ही पेपरांत. पहिल्या पानावर, चौकटीत! पाच अंक घेतले. बहिष्कार तत्त्वतः चालू आहे. ही टेबलावर सुनावणीचे कागद लावत होती. एक अंक तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला, नीट घडी घातली.
"अहो, नेमकं आजच का छापलं असेल, विचार केलात?"
दर्जा, मी म्हटलं. ती पुन्हा कागद लावायला लागली.

२७ मार्च
वॉर्ड ऑफिस. बाकं कमी, माणसं जास्त. ही दहा मिनिटं बोलली, एक शब्द वाया घालवला नाही. अधिकारी मान डोलावत होते. त्या चार बायकांनी सगळ्यांसमोर आपापल्या नावाने सह्या केल्या. एकीचा कागद सरकत होता, हिने तो धरून ठेवला. वाटलं, जिंकलो.
मग समूहाचे वकील उठले. म्हणाले, हा विरोध रहिवाशांचा नाही, एका बाईंचा आहे. आणि हे आम्ही म्हणत नाही, बाईंचे यजमान म्हणतात. त्यांनी फाइलमधून कात्रण काढलं.
गोदामाला परवानगी मिळाली. वाचनालय पुढच्या महिन्यात रिकामं करायचं.
लाज वाटली. हे फक्त इथे लिहितो.
वकिलांनी पत्र तारखेपासून सहीपर्यंत वाचलं. एक ओळ गाळली नाही. माझा मजकूर कोणी शेवटपर्यंत वाचताना मी पहिल्यांदाच ऐकला. सगळे अगदी शांत बसून ऐकत होते. हीसुद्धा.