दोन दोरांचा आकडा

११ जून १९८९

उशीर झाला, वही. माफी असावी. मार्चनंतर तुला उघडलंच नाही.

दौलत सुटीवर येऊन गेला. तो गेल्यावर हात चालेना. पोरगा मुंबईकडे समुद्रात असतो — तेलाच्या विहिरींवर सामान नेणाऱ्या जहाजावर फिटर. भर समुद्रात लोखंडाची माची उभी करून तेल काढतात म्हणे! मी समुद्र पाहिलेला नाही. माझं पाणी म्हणजे ही प्राणहिता. चाळीस वर्षं बेज्जूरकडच्या या घाटावर नावा बांधल्या.

जाताना त्याने नावेचे दोर सोडायच्या माझ्या आकड्याचा छोटा सागवानी नमुना नेला.

“बा, आमच्या जहाजावर जीव वाचवायच्या होड्या राह्यते. दोन दोरांवर टांगलेल्या. पाण्याले टेकल्या का आकडे सोडा लागते, अन ते गंजून बसते. तुमचा आकडा साहेबाले दाखवतो.”

त्याची आई चंद्रभागा म्हणाली, “लाकडाचं खेळणं दाखवशीन तं नोकरीवरून काढतीन तुले.”

तो हसला. मी हसलो नाही. छाती भरून आली होती.

१२ जून

आकड्याची हकीकत कुठेच लिहिलेली नाही. आज लिहितो.

घाटावर नाव दोन दोरांनी बांधतात — एक वरच्या अंगाला, जिकडून धार येते, आणि एक खालच्या. मोठ्या पुरात महिपत नावाड्याचा भाऊ नावेत अडकला. ताणलेल्या दोराची गाठ सुटेना. आमच्या डोळ्यांदेखत गेला.

त्यानंतर मी आकडा केला. दोन दोरांना दोन आकडे, पण ओढायचा दांडा एकच. खालचा दोर आधी सुटतो, वरचा मागून. वरचा आधी सुटला तर नाव आडवी होते आणि धार तिला पालथी घालते. म्हणून हा क्रम. वीस वर्षांत या घाटावर माणूस गेला नाही.

चार बुकं शिकलो, तीही निजामाच्या शाळेत, उर्दूत. मराठी अक्षरं दौलतच्या पाटीवर त्याच्यासोबत गिरवली. तेव्हा तो म्हणायचा, “बा, तुमचा क वाकडा.”

२ जुलै

दौलतचं पत्र! “सप्रेम जयभीम. आकड्याचा नमुना फोरमनला आवडला. लोखंडात करून होडीला लावून पाहू म्हणतो.”

महिपतला वाचून दाखवलं. म्हणाला, “वा रे चंपत मिस्त्री! समुद्रात तुमचा आकडा, अन घरी धोतराची गाठ सुटत नाही तुमाले!”

सगळा घाट हसला. मीही.

९ जुलै

 

महिपतच्या घराचं छत उतरवत होते. सागाची लांब नाट, म्हणजे छताची तुळई, दोन टोकांना दोर बांधून खाली सोडत होते. एका बाजूचा दोर आधी सुटला. नाट उभी झाली, सपकन फिरली, खालची गाडगी फुटली. कोणाला लागलं नाही. महिपतची सून ओरडली, “मामंजी, घर उतरवून राह्यले का चूल?” सगळे हसले.

मी तिथेच मातीत बसलो.

नदीत नाव पाण्यावर बसलेली असते. जहाजावर होडी लटकलेली असते; लाट सरली की टेकलेलीही पुन्हा लटकेल! एक दोर आधी सुटला तर ती या नाटेसारखी उभी होईल. आतली माणसं खाली.

“टांगलेल्या” — दौलतने हाच शब्द सांगितला होता. कान कुठे होते माझे? एक प्रश्न विचारता आला नाही?

१० जुलै

पहिल्या बसने कागजनगर. पत्र पोचायला आठवडा लागतो, म्हणून तार केली. तारबाबू म्हणाला, “कौन गुजर गए, बाबा?”

“कोई नही.”

“तो फिर तार काहे को? चिट्ठी डालो.”

“कोई गुजरना नही, इस वास्ते तार.”

त्याने वर पाहिलं. मग फॉर्म पुढे केला. मजकूर असा: आकडा लावू नको. दोर एकदम सुटले पाहिजेत. बा.

१८ जुलै

उत्तर नाही.

२३ जुलै

उत्तर नाही. नदी चढली आहे. बस बंद, टपाल बंद. चंद्रभागा विचारते, “जेवत काऊन नाही?” तिला काय सांगू? सांगितलं, दाढ दुखते.

२९ जुलै

दाढेवर लवंग ठेवून गेली. तोंडात धरून बसलो.

६ ऑगस्ट

रस्ता सुटला. तार आली. इंग्रजीत. शाळेचे माणिकराव मास्तर वाचायला बसले. एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग चष्मा काढला.

चंद्रभागा दारातच होती. तिला कोणी सांगावं लागलं नाही.

१९ ऑगस्ट

दौलतच्या सोबत्याचं पत्र आलं. इंजिनच्या खोलीला आग लागली. वारं मोठं. होडी सोडली. मागचा आकडा सुटला, पुढचा सुटला नाही. होडी उभी लटकली. सहा जण पडले. पाच सापडले.

दौलत सापडला नाही.

मागचा आधी, पुढचा सुटलाच नाही. खालचा आधी, वरचा मागून. क्रम माझा आहे. तार पोचली नाही. किंवा उशिरा पोचली.

चंद्रभागेला हे सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

२० ऑगस्ट

पहारीने महिपतच्या नावेचा आकडा उपटला. तो धावत आला.

“मिस्त्री, काऊन तोडून राह्यले? वीस वर्षं यानंच वाचवलं आमाले!”

“मायं पोरगं यानंच मारलं.”

त्याने माझ्या हातातून पहार घेतली. मला नावेच्या काठावर बसवलं.  मग म्हणाला, “दादा, माया भाऊ गेला तवा मी नदीले शिव्या देल्या. तुमी तं आकडा केला.”

मला रडूही येईना.

२८ ऑगस्ट

बुद्धवंदना झाली. माणसं पांगली. चंद्रभागा रोज संध्याकाळी नदीत झेंडूचं फूल सोडते. म्हणते, नदी समुद्राले मिळते, पोचन त्याच्यापर्यंत.

माणिकराव मास्तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “दादा, आपली नदी पूर्वेच्या समुद्राला जाते. मुंबईचा पश्चिमेला.”

म्हटलं, तिला सांगू नका.

आज फूल मीच तोडून दिलं.

१४ सप्टेंबर

झोप नाही. जेवण नाही. पाटीवरचा तो वाकडा क डोळ्यांपुढून जात नाही.

३ ऑक्टोबर

त्याची ट्रंक आली.

कपडे, चष्म्याचं घर, बाबासाहेबांचा फोटो. खाली टॉवेलात गुंडाळलेला माझा सागवानी नमुना. लोखंडात केलेलाच नव्हता! होडीला होते ते जहाजाचेच जुने आकडे.

नमुन्यात एक नवी पट्टी आहे. दोन्ही आकड्यांना जोडणारी. दांडा ओढला — दोन्ही एकदम सुटले. दहा वेळा ओढला. दहाही वेळा एकदम. चंद्रभागा म्हणाली, “कायचा आवाज?” म्हटलं, दौलतनं केला.

पट्टीखाली घडी केलेलं पत्र होतं. टपालात न टाकलेलं. तारीख २० जुलै.

“बा, तुमची तार जहाजाच्या बिनतारीवर मिळाली. मलेही तेच दिसलं होतं, म्हणून मधात पट्टी घातली. फोरमन म्हणते उद्याच लोखंडात करू. मी म्हटलं, बानं पाह्यल्याबिगर नाही. किनाऱ्याले लागलो का हे पत्र टाकतो. खाली चित्र काढलं आहे. बरोबर आहे का ते पाहा, अन लवकर कळवा. वाट पाहून राह्यलो.”