माझ्या नावावर १५,१८,४००!

मंगळवार, १२ मार्च. सकाळी १०.२०

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच वेळी शाळेच्या नव्या भिंतीवर मी ते पाहिलं. वर आमच्या माया पूर्वजांचे टिंब-रेघांचे अंक, अगदी बिनचूक. नऊ, नऊ, सोळा, शून्य, शून्य. त्याखाली आजच्या आकड्यांत १५,१८,४००. आणि त्याखाली 'एल्सी कोकोम बाईंची आवडती संख्या'!

माझी? माझी संख्या १३,६६,५६० आहे! जन्मभर या शाळेत गणित शिकवलं, आणि आता माझ्या नावावर हे? शनिवारी अनावरण.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात राग सोडला होता. सहा दिवस टिकलं.

बुधवार, १३ मार्च

मुख्याध्यापक विल्बर्थला गाठलं. माझाच विद्यार्थी! म्हणे, "बाई, वीस-वीस पटीनंच चढायचं ना? एक, वीस, चारशे..."

अरे, तो कोकोच्या बियांचा हिशेब! दिवस मोजताना तिसरं घर चारशेचं नाही, तीनशे साठचं. "तुझी आजी बाजारात कोको विकायची, म्हणून तू शुक्र-मंगळही पोत्यात भरणार?"

तो हसला. मी नाही.

"रंग वाळलाय, बाई. कुणाला कळणार आहे?"

मला!

घरी आले तर बहीण मिल्डा टांगलेल्या दोरीच्या झोळीत आडवी. "निवृत्त झालीस ना? आता भिंतीला तरी सोड."

गुरुवार, १४ मार्च

माझी संख्या पूर्वजांच्या ग्रहगणिताच्या पोथीत उगाच नाही आली. २६० दिवसांचं पवित्र चक्र, ३६५ चं वर्ष, आकाशात पुन्हा तसाच दिसायला शुक्राला लागणारे ५८४, मंगळाला ७८०, सगळ्यांनी तिला भाग जातो. बाकी शून्य! चौघे पाहुणे एकाच दिवशी दारात. आमच्या घरी नाताळलासुद्धा हे जमलेलं नाही.

दुपारी विल्बर्थ धापा टाकत हजर. "बाई, माझ्या संख्येलाही भाग जातो! २६० नं, ३६५ नं, ५८४ नं!"

थापा! मला गणित शिकवणाऱ्या सिस्टर इनमाकुलादांनी पट्टीच काढली असती. त्याच्यासमोर स्वतः मांडलं. शून्य. शून्य. शून्य.

चुकीच्या संख्येची ही हिंमत!

मग ७८०. बाकी ५२०. हा! मंगळ आला नाही!

"पण तिघे तर आले," म्हणतो. वर माझ्याच हातचा तळलेला पानुचो खाऊन गेला, निर्लज्ज.

शुक्रवार, १५ मार्च

कॉफी निवली, मासा करपला. मिल्डा ओरडतेय. सापडलं! दोन्ही संख्यांच्या पोटात एकच ३,७९६ बसलाय, माझ्या संख्येत ३६० वेळा, भिंतीवरच्या संख्येत ४०० वेळा. मंगळ का रुसला तेही कळलं. कुणाला सांगणार नाही. ज्याचं त्यानं शोधावं.

शनिवार, १६ मार्च

आकडा तसाच आहे. मीच पुसू दिला नाही. 'आवडती संख्या' मात्र खोडायला लावलं, आणि तिथे लिहून घेतलं: 'यात चूक आहे. ती कोणती, आणि तरीही तिघे का आले नि मंगळच का नाही? उत्तर लेखी हवं. शुक्रवार, २२ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत, एल्सी बाईंच्या घरी.'

पहिला कागद विल्बर्थनंच आणायचा. पाच वाजून एक मिनिटानं आला तरी घेणार नाही.